लॅबच्या फोनवरची तीन वाक्यं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

लॅबमध्ये जे घडतं ते रजिस्टरमध्ये जातं. नमुना किती वाजता आला, कोणी घेतला, रिपोर्ट कोणाला कळवला. माणसं एकमेकांशी कशी बोलली याला रकाना नाही. म्हणून ही वही.

आज आयसीयूच्या डॉ. हर्षद गांगण यांनी मृणालीला फोनवर विचारलं, "शाळेत आकडे शिकवले नव्हते का?" तिने हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ सांगितलं होतं, त्यांनी आठ पॉइंट सहा ऐकलं आणि चूक तिची ठरली. वर ती "सॉरी सर" म्हणाली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, सॉरी कशाबद्दल? तर डोळे पुसून तिने पुढची नळी उचलली.

मुलगी चोवीस वर्षांची. राजापूरची, इथे रत्नागिरीत नाचणे भागात खोली घेऊन राहते. रक्ताची काच वाचायला ती दीड वर्षात जेवढी शिकली तेवढं विनीतला चौदा वर्षांत जमलेलं नाही. विनीत माझा दुसरा तंत्रज्ञ. तो कोणाचं काही मनावर घेत नाही, कामसुद्धा.

मार्चअखेर मी निवृत्त होते. लॅब मृणालीच्या हाती द्यायची असं मी ठरवलं आहे आणि व्यवस्थापनाला तसं सांगूनही ठेवलं आहे. पण फोनवर रडवेली होणारी इन्चार्ज चालत नाही. तेव्हा मार्चच्या आत हे निस्तरायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तीन वाक्यं तयार केली. मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवली.

"नमस्कार, लॅबमधून अमुक बोलते आहे, अमुक पेशंटचा रिपोर्ट सांगते."
"आकडा मला परत म्हणून दाखवा."
"आपला आवाज पोचतोय. हळू सांगा, मी लिहून घेते."

तिसरं वाक्य समोरचा ओरडायला लागला की वापरायचं. आणि खरोखर लिहून घ्यायचं, शब्दाला शब्द, वेळेसकट. आपलं बोलणं कागदावर उतरतंय म्हटल्यावर भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. सदतीस वर्षं मी माणसं बघते आहे.

विनीत म्हणाला, "मॅडम, तिसरं वाक्य घरी वापरलं तर चालेल का?" मी त्याला काचा धुवायला लावल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या वॉर्डातून श्रद्धाने पाठवलेली नळी जेमतेम अर्धा मिली. या महिन्यात चार दिवसांत तिसऱ्यांदा. श्रद्धा नवीन नर्स आहे, लांज्याकडची. मी स्वतः फोन केला. म्हटलं, "बाई गं, रक्त काढता येत नसेल तर मिरकरवाड्याला जाऊन बस. तिथे मासे तरी कापता येतील. पुन्हा कमी नमुना आला तर मी तो नळीसकट तुझ्या मेट्रनच्या टेबलावर ठेवीन."

तासाभराने दुसरी नळी आली. काठोकाठ भरलेली. एकदा स्पष्ट सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. शिस्त अशीच लागते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिसऱ्या वाक्याची परीक्षा झाली. डॉ. गांगण रिपोर्टला उशीर म्हणून तडकले. मृणालीने भिंतीकडे बघत, एका दमात म्हटलं, "सर, आपला आवाज पोचतोय, हळू सांगा, मी लिहून घेते." मग म्हणाले, "काय लिहून घेता?" ती म्हणाली, "आपण जे बोलाल ते, सर." त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा केला तेव्हा माणसासारखे बोलले.

मृणालीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू पाहिलं. मी तिला सांगितलं, हसण्यापेक्षा लिही, वेळ टाकायची राहिली आहे.

आमच्या गंगुबाई वॉर्डापासून लॅबपर्यंत सगळीकडे लादी पुसतात, त्यामुळे त्यांना सगळ्या इमारतीची खबर असते. पुसता पुसता म्हणाल्या, "बाई, वरच्या पोरी तुमचा पाय वळकतात. जिन्यावर चप्पल वाजली का गप बसतात."

"बरंच आहे," मी म्हटलं. "गप बसल्या म्हणजे काम करतील."

गंगुबाईंनी बादली उचलली आणि गेल्या. एरवी एवढ्या लवकर जात नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन थिएटरवाल्यांनीही वाक्यं त्यांच्या फोनजवळ लावायला मागितली. प्रशासनातल्या ईशाने प्रत मागून घेतली. ती पुण्याहून आली आहे, तिला सगळ्यावर पोस्टर करायचं असतं. तरी बरं वाटलं.

साडेदहा ते पावणेअकरा मी चहा घेते. त्या पंधरा मिनिटांत लॅबला आग लागली तरी मला सांगायचं नाही असा नियम आहे. ईशा नेमकी तेव्हाच आली आणि दारात मृणालीने तिला अडवलं. "मॅडमचा चहा चालू आहे." पोरगी तयार होते आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाईट दिवस. क्रमाने लिहिते.

रावजी म्हणून एक आजोबा आहेत, वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाच्या तक्रारीमुळे वरच्या वॉर्डात दाखल, पेशंट डॉ. गांगण यांचे. सकाळी त्यांचा नमुना आला. साडेदहानंतर मृणालीने मशीनवर लावला. पोटॅशियम सात पॉइंट चार. साडेपाचच्या वर गेलं की आम्ही जागे होतो. सातच्या वर म्हणजे हृदय कधीही थांबेल असा आकडा. तिने नियमाप्रमाणे पुन्हा लावून पाहिला. तोच आला. तिने ताबडतोब आयसीयूला डॉ. गांगण यांना फोन केला, आकडा सांगितला, परत म्हणून घेतला. दहा चाळीसची नोंद आहे. कुठेही चूक नाही.

डॉ. गांगण यांनी ते पोटॅशियम खाली आणायला इन्शुलिन आणि ग्लुकोज दिलं. दीड तासाने आजोबांची साखर एवढी खाली गेली की ते बेशुद्ध पडले. शुद्धीवर आणलं, पण तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला. त्यानंतर नव्याने घेतलेल्या रक्तात पोटॅशियम तीनच्याही खाली निघालं. इन्शुलिनने ते एवढं उतरत नाही, म्हणजे आधी वाढलेलं नव्हतंच.

डॉ. गांगण लॅबच्या दारात येऊन, दहा माणसांसमोर मृणालीला म्हणाले, "आज एक माणूस तुमच्यामुळे मेला असता." मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "बोलायचं ते माझ्याशी. आणि हळू." ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या भिंतीवरचा तो कागद वाचा एकदा," आणि गेले.

काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शुक्रवारी चौकशी. मोठे डॉक्टर, ईशा, डॉ. गांगण आणि मी. ईशाने आवाज बारीक करून सांगितलं की मृणालीला काढावं असं डॉ. गांगण यांनी लेखी दिलं आहे. इथून अशा कारणाने काढलेल्या मुलीला जिल्ह्यात कुठली लॅब ठेवून घेणार नाही. रत्नागिरी केवढी आहे.

मृणालीला विचारलं, काही वेगळं झालं होतं का? म्हणाली, "नाही मॅडम." दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. ही मुलगी उद्धट डॉक्टरच्या धाकाने अर्धी झाली आहे. मी तिला वाचवणार. हे मी ठरवलं आहे, म्हणजे होणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मशीनच्या सोमवारच्या सगळ्या चाचण्या तपासल्या. निर्दोष. आधीच्या आणि नंतरच्या पेशंटचे आकडे व्यवस्थित. नळीवरचं नाव बरोबर. रक्तातल्या पेशी फुटलेल्या नव्हत्या, त्या फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, पण मग रक्ताच्या वर जमणारं पाणी लालसर दिसतं. हे स्वच्छ पिवळं होतं.

संध्याकाळी घरी बांगडे साफ करताना ह्यांना सांगितलं. ह्यांनी तीस वर्षं बोटीच्या इंजिनरूममध्ये काढली. ऐकून घेऊन म्हणाले, "कप्तान ओरडला म्हणून बोट बुडत नाही. खालचा माणूस ‘तेल कमी आहे’ सांगायला घाबरला की बुडते."

मी म्हटलं, "तेच तर. त्या गांगणला हे कोणीतरी सांगायला हवं."

हे म्हणाले, "हं," आणि मीठ द्यायला उठले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं.

आम्ही प्रत्येक नमुना सात दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. रावजी आजोबांच्या नळ्या सकाळी बाहेर काढल्या. दोन होत्या. लाल झाकणाची, ज्यातून पोटॅशियम केलं, ती गळ्यापर्यंत भरलेली. जांभळ्या झाकणाची, पेशी मोजायची, तिच्यात दोन मिलीची खूण असते. रक्त एक मिलीसुद्धा नाही.

लाल नळीच्या पाण्यात कॅल्शियम लावलं. नऊच्या आसपास हवं. तीन पॉइंट एक आलं. एवढं कमी कॅल्शियम असलेला माणूस झटके घेत पडला असता.

जांभळ्या नळीच्या तळाला रक्त गोठू नये म्हणून क्षार घातलेला असतो. त्या क्षारात पोटॅशियम असतं, आणि तो कॅल्शियम खाऊन टाकतो. कोणीतरी जांभळ्या नळीतलं रक्त लाल नळीत ओतून ती भरली होती. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. सोमवारी डॉक्टरांनी कॅल्शियम मागितलं नव्हतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी तशीच दोन्ही नळ्या घेऊन वर गेले. माझी चप्पल ऐकून श्रद्धा औषधांच्या कपाटामागे सरकली. तिला बाजूच्या खोलीत घेतलं, नळ्या समोर धरल्या. विचारायची गरज पडली नाही. तिचं तोंडच सांगत होतं.

"आजोबांची शीर सापडत नव्हती मॅडम. तीन वेळा टोचलं. ते काही बोलले नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. जांभळी भरली, पण लालमध्ये कमीच आलं."

"मग तसं कळवायचं."

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, मेट्रनच्या टेबलावर ठेवीन."

मग आठवलं ते विचारलं. "त्या दिवशी तासाभरात भरून पाठवलीस ती?"

"ती खरी होती. तेव्हा डॉक्टरांनी काढून दिलं." मग गळ्याला हात लावून, "ओतलं एकदाच. देवाशपथ."

खाली येऊन मी सहाव्या तारखेपासूनचे तिच्या वॉर्डाचे सगळे आकडे तपासले. खरं बोलत होती.

त्याच दिवशी, जेवणानंतर

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. मी मृणालीला बोलावलं, नळ्या दाखवल्या. तिने नुसती मान हलवली.

"तुला माहीत होतं?"

"जांभळी कमी होती आणि लाल भरलेली. उलटं असतं नेहमी. मला वाटलं विचारावं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही चहा घेत होतात."

विनीत तिथेच होता. तो एकदम खुर्ची सरकवून उठला आणि रजिस्टर शोधायला लागला. रजिस्टर त्याच्या समोरच होतं.

मी म्हटलं, "आणि डॉक्टर? ते फोनवर काय म्हणाले?"

तिने तिसऱ्या वाक्यासाठी ठेवलेली वही पुढे केली. तिच्या नीट अक्षरात, वेळेसकट. १०.४१: "ईसीजी चांगला आहे. हा आकडा पेशंटशी जुळत नाही. नळी बघितलीत का? अहो, काहीतरी बोला की." त्यापुढे तिने स्वतःचं उत्तरही लिहिलं होतं. "आपला आवाज पोचतोय सर, हळू सांगा, मी लिहून घेते."

ते ओरडत होते. पण विचारत बरोबर होते. आणि माझ्या वाक्याने त्यांचं तोंड बंद केलं. उत्तर मिळेना, आणि सातच्या वरच्या आकड्याला थांबून चालत नाही, म्हणून त्यांनी इन्शुलिन दिलं.

वाचल्यावर मी तिला रागावणार होते. कशाबद्दल ते ठरेना.

आता प्रश्न असा. उद्या दोन नळ्या आणि कॅल्शियमचा आकडा टेबलावर ठेवला की मृणाली सुटते. चूक वॉर्डाची, विषय संपला. श्रद्धा जाईल. मी तिला ओतायला सांगितलं नव्हतं. असं ओतणं हा गुन्हा आहे आणि तो तिच्या हाताने झाला. हे सगळं खरं आहे. चार वेळा लिहून पाहिलं, चारही वेळा खरंच निघालं, आणि तरी पुरं वाटत नाही. अर्धा नमुना तपासून सही केल्यासारखं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशी अकरा वाजता. आज चहा घेतला नाही.

नळ्या ठेवल्या, कॅल्शियम सांगितलं. मोठ्या डॉक्टरांना अर्ध्या वाक्यातच कळलं. म्हणाले, "म्हणजे लॅबची चूक नाही. नर्सला बोलवा."

मी म्हटलं, "थांबा. लॅबची आहे. अजून झालेलं नाही माझं."

मग सांगितलं. सहा तारखेला मी श्रद्धाला काय बोलले ते शब्दाला शब्द, मिरकरवाड्यासकट. ईशाचं लिहिणं थांबलं. चहाचा नियम सांगितला. मृणालीला शंका आली होती हेही, आणि ती कुठे अडली तेही. आणि वही उघडून १०.४१ ची नोंद वाचून दाखवली.

डॉ. गांगण खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे मी विचारत होतो ते बरोबर होतं."

"बरोबर होतं," मी म्हटलं. "आणि ओरडत होतात तेही लिहिलेलं आहे. इतके दिवस ओरडत आलात म्हणून त्या दिवशी कामाचं बोललात तेही ओरडण्यात गेलं. मी तिला दार लावून घ्यायला शिकवलं, तुम्ही ते वाजवून वाजवून तिला न उघडण्याची सवय करून दिली होती."

मोठे डॉक्टर हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला.

"तुमचं म्हणणं काय, मयेकर मॅडम? कोणावरच कारवाई नको?"

"माझ्यावर करा. लेखी. सदतीस वर्षांत मेमो नाही मिळाला, एक चालेल. श्रद्धाला वॉर्डात ठेवा, पण नळ्या पुन्हा शिकवून. आणि डॉक्टरांनी मृणालीबद्दल दिलेलं पत्र मागे घ्यावं."

डॉ. गांगण यांनी ते पत्र तिथेच ईशाकडून परत घेतलं. माफी मागितली नाही. मीही मागितली नव्हती कोणाची, तेव्हा बोलायला जागा नाही. दारात मात्र त्यांनी विचारलं, "असं रक्त ओतलेलं पुढच्या वेळी मला कसं ओळखता येईल?" मी म्हटलं, शंका आली की कॅल्शियम मागा. त्यांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं.

मला मेमो मिळाला. श्रद्धाला ताकीद. लॅबचा चार्ज मार्चमध्ये कोणाला द्यायचा ते नंतर बघू म्हणाले. ते मृणालीच्या विरोधात नाही, माझ्या शब्दाचं वजन थोडं उतरलं आहे एवढंच. मिळवीन परत. चार महिने आहेत.

खाली येऊन मृणालीला सांगितलं, "तू राहते आहेस." ती रडली. मी तिला रडू दिलं. पाच मिनिटं झाल्यावर म्हटलं, सीबीसीचे नमुने पडलेत.

भिंतीवरचं तिसरं वाक्य खोडून त्या जागी दुसरं लिहिलं. "शंका असेल तर सांगा, मी नळी बघून परत फोन करते." जुनं अगदीच टाकाऊ नव्हतं. खरंच शिवीगाळ करणाऱ्यासाठी ते चांगलं आहे. मृणालीला सांगितलं, ते पाठ असू दे, पण आधी माणूस काय म्हणतोय ते ऐक.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चौकशीनंतर मेट्रनशी ठरवलं होतं त्याप्रमाणे आजपासून सकाळी एक तास वर वॉर्डात. ज्यांची शीर सापडत नाही त्यांचं रक्त मी काढायचं, नर्सेसनी बघायचं. शेवटचं कधी काढलं होतं ते आठवेना. वीसेक वर्षं झाली असतील. पण हात विसरत नाही.

पहिलेच रावजी आजोबा. आता बरे आहेत, उद्या घरी जातील. मला बघून म्हणाले, "आज मोठ्या बाई? या. हाताला टोचताव का पायाला?"

"हाताला," मी म्हटलं.

पट्टा बांधला, शीर धरली, टोचलं. काही नाही. सुई थोडी फिरवली. काही नाही. आजोबा छताकडे बघत होते. पलंगाभोवती चार मुली उभ्या, कोणी खोकलंसुद्धा नाही. मला कानाशी गरम लागायला लागलं. सुई काढली, बोळा धरला, दुसरा हात घेतला. पुन्हा कोपराच्या खोबणीतच शोधत होते.

"मॅडम." श्रद्धा. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं बाहेरून आला. "तिथे नाही मिळत त्यांची. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला. बारीक सुईने. आणि हात खाली सोडायचा थोडा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती एक पाऊल मागे गेली, पण नजर तिथेच ठेवली.

"दे बारीक सुई," मी म्हटलं.

मिळाली. थेंब थेंब आलं, कसंबसं. आजोबा म्हणाले, "झालां? हळू हाय हो तुमचा हात." त्यांना काय, सगळ्यांनाच म्हणत असतील.

नळी मी स्वतः खाली आणली. मृणालीने ती उजेडात धरली, तिरकी केली, खुणेशी लावून पाहिली. मग माझ्याकडे न बघता, पण स्पष्ट, म्हणाली, "मॅडम, हा कमी आहे. यात होणार नाही. परत घ्यावा लागेल."

विनीतचा पेन थांबला.

साडेदहा झाले होते. मी नवीन नळी घेतली आणि परत वर गेले.